चिंबोऱ्यांचा भात

या माउल्यांनो, टाळ घडीभर मांडीवर ठेवा आणि असे जवळ सरका. देवाची कथा रोजच होते, आज खाडीकाठच्या गिरजाबाईची ऐका.

नेरूळजवळच्या आगरी गावात गिरजाबाई धवलारीण होती. तिनं धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायल्याशिवाय गावात कुणाचं लग्न लागत नसे. देव, पितर, शेतं, सगळ्यांना ती नावानं मांडवात बोलवी आणि प्रत्येक नावाला मुलीचा बाप सुपात मूठभर भात घाली.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात पोपटच्या दारी त्याच्या लेकीच्या, मीनाच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. पोपट म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सितारामचा चुलतभाऊ. अकरा वर्षांमागं नव्या शहरासाठी जमिनी बघत साहेब आला, तेव्हा सिताराम तापानं अंथरुणाला खिळलेला. सितारामच्या शेताकडं बोट करून साहेबानं पोपटला विचारलं, "या तुकड्यात काय पिकतं?"

बांधावरच्या जुन्या भांडणाचा राग काढत पोपट म्हणाला, "काय नाय साहेब. खाडीचं पानी शिरतं. चिंबोऱ्या पिकतात, खेकडे!"

कागदावर शेत पडीक लागलं आणि कवडीमोलानं गेलं. खांद्यावरून चिखल वाहून ज्यानं तो बांध घातला, तो सिताराम पुढचा पावसाळा बघायला राहिला नाही.

तेव्हापासून गिरजाबाई पोपटशी चकार शब्द बोलली नव्हती. त्याची मीना किती उंच झाली, तेवढं मात्र दरवर्षी बघत होती.

गणपती आला, गावदेवी आली, पितर आले. मूठ मूठ भात पडला. मग गिरजाबाईचा सूर चढला, "ये रं सितारामच्या शेता, मांडवाला ये!"

पोपटची मूठ हवेतच राहिली. "वयनी, पुढं गा ना. हळद सुकते."

"सुकू दे. भावजी, तिथं काय पिकायचं?"

"पोरीच्या लग्नात ह्ये काय काढलंस?"

"मी अकरा वर्सं थांबले. तुमी घडीभर थांबा."

नवऱ्या मुलाचा बाप वैतागला, "याही, सांगून टाका की! बाई काय तुमचं घर मागते?"

गिरजाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत त्याच शेतातला शेवटच्या साली कापलेला भात. "ह्यो कोनी पेरला, भावजी? चिंबोऱ्यांनी?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पोपट पुटपुटला, "सितारामदादानं."

"मोठ्यानं. त्या साहेबाला ऐकू गेलं पायजे."

"सितारामदादानं पेरला! मी खोटं बोललो, बस?"

"आता घाला सुपात. सोताच्या हातानं."

त्यानं तो भात सुपात घातला. मग गिरजाबाईनं मीनाची अलाबला घेतली आणि उरलेले धवले असे मायेनं गायले की पोरीची आईसुद्धा रडली.

जमीन परत आली नाही. तिथं इमारती उठल्या. पण पुढं गावच्या प्रत्येक लग्नात गिरजाबाई त्या शेताला बोलवायची आणि पोपट जिथं असेल तिथं मान खाली घालायचा.

त्या बाजूला कधी गेलात, माउल्यांनो, तर पायाखाली सितारामचा बांध आहे. त्याची आठवण ठेवा.