भिंतीतला हात

एका पोरीच्या मेलेल्या भावाचा हात मी लोखंडी पट्टीनं खरवडून काढला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शाबासकी द्यायला नको. चर्चमध्ये ती पुष्कळ मिळाली आहे.

मी रंगारी. बत्तीस वर्षं भिंतींशीच संसार केला, असं बायको म्हणते. आमच्या पाळकसाहेबांनी परदेशातल्या एका अनाथाश्रमात दहा दिवसांची सेवा ठरवली. चौदा जणांचा गट, त्यात ब्रश धरता येणारा मी एकटा. बाकी सगळे हौशी. बँकेतल्या साहेबांनी पहिल्या तासात भिंतीपेक्षा स्वतःचे बूटच जास्त रंगवले.

मुलांच्या झोपायच्या खोलीतली मोठी भिंत पाहून माझं डोकंच फिरलं. दरवर्षी कुठला तरी गट यायचा, जुन्या रंगावर नवा थापायचा, शेवटच्या दिवशी मुलांचे तळवे रंगात बुडवून भिंतीवर ठसे उमटवायचा, फोटो काढायचा आणि विमानात बसायचा. पुढचा गट त्या ठशांवर पुन्हा रंग मारायचा. असे पाच-सहा थर चढलेले, पोपडे सुटलेले. खरवडल्याशिवाय रंग लावणं माझ्या रक्तात नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, दिवस थोडे आहेत. वरूनच मारून टाका."

"साहेब, तुम्ही प्रार्थनेचं बघा," मी म्हटलं, "भिंतीचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जण दुभाषीबाईंना घेऊन घरभेटींना गेले. खोलीत मी एकटाच. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आत आली आणि भिंतीवर एका जागी तळवा टेकवून उभी राहिली. माझ्याकडे बघून भराभर काहीतरी सांगायला लागली. मला काय कळणार, कपाळ! वाटलं, मदत करायची असेल. पॉलिश पेपरचा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो फेकून दिला आणि भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मी चिडलो. कामात कुणी आडवं आलेलं मला खपत नाही, घरच्यांनाही माहीत आहे ते. तिला काखेत धरून उचललं आणि खाटेवर नेऊन बसवलं. अंगात वजन असं नव्हतंच.

पट्टीची खरखर चालू होती आणि ती बघत होती. मग खाली उतरून, पडलेले पोपडे फ्रॉकच्या ओच्यात वेचायला लागली. मी म्हटलं, "शाब्बास गं! भर केर."

शाब्बास म्हटलं मी तिला.

संध्याकाळी दुभाषीबाईंनी खोलीत पाऊल टाकलं आणि तोंडावर हातच धरला. मग त्यांनी सांगितलं. पोरीचा धाकटा भाऊ इथेच होता, चार वर्षांचा. तीन वर्षांपूर्वीच्या गटानं त्याचाही ठसा घेतला होता, आणि दोनच महिन्यांत तो तापानं गेला. फोटो होते, पण ते काढणाऱ्यांबरोबर त्यांच्या देशात गेले. पोरीकडे उरला तो भिंतीवरचा हात. नंतरच्या लोकांनी तो झाकला, पण खरवडला कुणीच नाही. ऑइल पेंटचा जाड ठसा, त्याची कड वरच्या थरांतूनही बोटाला लागायची. रोज झोपण्याआधी ती डोळे मिटून तो शोधायची.

"तुमच्या हाताला लागला नाही का?" बाईंनी विचारलं.

लागला होता. पाच बोटांची कड लागली होती. कुणाचं तरी ढिसाळ काम म्हणून तिथे मी दोनदा जास्त जोर दिला होता.

मी माफी मागितली. बाईंनी ती तिच्या भाषेत सांगितली, तिनं ऐकून घेतली आणि निघून गेली. पुढचे दिवस मी भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी भरली, प्रायमर दिला, रंग दिला. दुसरं काय येतं मला? ती खाटेवर ते पोपडे मांडून एकमेकांना जुळवत बसायची. सगळे तुकडे सारखेच. वर बघून मला काही म्हणायची नाही, त्यानंच जीव जास्त जायचा.

अजून जातो. परवा एका घरी मुलांच्या खोलीचं काम होतं. भिंतीवरून हात फिरवला आणि बोटाला कड लागली. प्लास्टरचाच उंचवटा होता, मी नीट बघितलं, तीनदा बघितलं. तरी त्या भिंतीला पट्टी लावायची हिंमत झाली नाही. मालकाला म्हटलं, दुसरा माणूस बघा.

तर, तिथला शेवटचा दिवस. पाळकीणबाई ताटात रंग कालवून ठसे घ्यायला आल्या. मी ताट काढून घेतलं. "या भिंतीला कुणी हात लावला तर याद राखा!" फोटो मग कोऱ्या भिंतीपुढेच निघाला.

सामान बसमध्ये चढत असताना पोरगी दुभाषीबाईंचा हात धरून माझ्याकडे आली.

"ती म्हणतेय," बाई म्हणाल्या, "शेवटी तो तुम्हीच पाहिलात. नेमका कुठे होता, तेवढं दाखवा."

मला कुठे आठवत होतं? अख्खी भिंत एकसारखी पांढरी. पण नाही कसं म्हणू? आत गेलो, कमरेएवढ्या उंचीवर बोट टेकवलं आणि छातीठोकपणे म्हटलं, "इथे."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं माझं बोट धरलं, वीतभर खाली नेलं, जरासं डावीकडे सरकवलं आणि दाबलं. मग तिथे त्या बोटानं सावकाश अंगठा काढला, एकेक बोट काढलं, तळवा पुरा केला. पहिल्यापासून पुन्हा काढला. बाहेर हॉर्न वाजला, पाळकसाहेबांनी दोनदा हाक मारली. तिनं काही माझं बोट सोडलं नाही, आणि मीही ओढून घेतलं नाही. तो केवढा होता हे मला पाठ होईपर्यंत ती काढत राहिली.