अकरा दिवसांचे चौकोन

कारखान्याच्या कंप्युटरबाईने प्रेसशेजारच्या कंप्युटरमध्ये पेन ड्राइव्ह असा खुपसला की टेबलावरचा चहाचा रिकामा पेला घरंगळून खाली पडला. या खोलीत साहेबांच्या सहीशिवाय पेन ड्राइव्ह लावायला बंदी होती. ती सही तिने तीनदा मागितली होती. तिन्ही वेळा साहेबांचं उत्तर एकच, "आकडे दिसतात ना? मग चिनी वाचून काय परीक्षेला बसायचंय?"

त्या उत्तरापायी दोन बोटं गेली होती.

बोटं मामांची. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. सतरा वर्षं पत्रा साच्यात दाबणाऱ्या प्रेसवर काढलेले मामा आता तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते, डावा हात बँडेजमध्ये, गळ्यात अडकवलेला. नऊ दिवसांपूर्वी प्रेस थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही. आज तीन वाजता चौकशी होती आणि निकालाचा कागद आधीच टाइप झाला होता: कामगाराचा निष्काळजीपणा, कामावरून कमी. सकाळी प्रिंटरवर तिने तो पाहिला, तेव्हापासून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"बैल गेला आणि झोपा केला," मामा म्हणाले. "आता अक्षरं आणून बोटं उगवणार आहेत का?"

"नोकरी तरी राहील. आणि हसू नका. मला तुमचाही राग येतोय."

"मी काय केलं?"

"काहीच करत नाही, त्याचाच."

स्क्रीनवर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत लॉग उघडा होता. प्रेस जे जे बोलायचं ते सगळं त्यात साठायचं: तारीख, वेळ, दाब आणि आकड्यांमागे चौकोनांची रांग. एकसारखे, रिकामे, निर्लज्ज चौकोन. यंत्र चिनी बोलत होतं आणि या कंप्युटरकडे ती अक्षरंच नव्हती. इंटरनेटही नव्हतं, म्हणून चिनी अक्षरांचा फॉन्ट पेन ड्राइव्हवरून आणायचा.

तिने फॉन्ट बसवला, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. चौकोन गेले. अक्षरं आली, पण एकमेकांच्या उरावर बसलेली. प्रत्येकाचा अर्धा भाग पुढच्याने गिळलेला.

"हे तर आणखीनच बिघडलं," मामा म्हणाले.

"चिनी अक्षराला दोन घरांची जागा लागते. हा मेला एकच देतोय."

तिने एक सेटिंग बदललं, काही झालं नाही. दुसरं बदललं, तर आकडेही गेले. तिने टेबलावर मूठ आपटली, एक कचकचीत शिवी दिली आणि मामांची माफी मागितली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग तिने टर्मिनलसाठीच बनवलेला दुसरा फॉन्ट लावला, कंप्युटरचं भाषेचं सेटिंग बदललं आणि खिडकी पुन्हा उघडली. ओळी सरळ झाल्या. सुटी, टोकदार, पूर्ण अक्षरं.

वाचता दोघांनाही येत नव्हती. पण प्रेसच्या पुस्तिकेच्या शेवटी तक्ता होता, एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. साच्यावरचा केसाएवढा ओरखडा ओळखणारे मामा पुस्तिकेवर वाकले.

"हे बघ. पाचवं अक्षर, खाली चार ठिपके. तेच ना?"

तिने स्क्रीन पाहिला, तक्ता पाहिला. तेच होतं. ब्रेक तापला आहे, प्रेस थांबवा. अपघातापर्यंत अकरा दिवस, रोज तीस-चाळीस वेळा यंत्र हेच ओरडत होतं. तिने सगळं छापलं आणि मामांना जवळजवळ ओढतच साहेबांच्या खोलीत नेलं.

साहेबांनी कागद शांतपणे वाचले. त्यांचा तो शांतपणा तिच्या डोक्यात गेला.

"छान काम केलंत, बाई. म्हणजे यंत्र सांगत होतं." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "आता तो नियम वाचा. स्क्रीनवर न कळणारं काही दिसलं तर प्रेस थांबवा आणि कळवा. अकरा दिवस चौकोन दिसत होते. मामा, कळवलंत?"

मामांनी मान वर केली नाही.

"नाही कळवलं."

साधा दिवा गेला तरी तिला तीनदा फोन करणारा हा माणूस.

"मामा, असं कसं? बोला ना काहीतरी!"

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, अशी.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाच महिन्यांपूर्वी मामा म्हणाले होते, या चौकोनांच्या गर्दीत दाबाचा आकडा सापडत नाही. तिने चहा पिता पिता प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली होती. जे वाचता येत नाही ते मामांच्या स्क्रीनवर येऊच द्यायचं नाही, फक्त लॉगमध्ये जाऊ द्यायचं. काही महत्त्वाचं जाणार नाही ना, असं मामांनी विचारलं होतं. कचरा आहे तो मामा, ती म्हणाली होती.

आणि मामांना हे नऊ दिवस माहीत होतं.

"त्यांना चौकोन दिसलेच नाहीत, साहेब," ती म्हणाली. "मी लपवले होते."

"पोरी, गप्प बस," मामा पुटपुटले.

"तुम्ही नऊ दिवस गप्प बसलात, तेवढं पुरे झालं!" तिचा आवाज फाटला. दोन बोटं देऊन वर नोकरीही द्यायला निघालेल्या या माणसाचा तिला इतका राग आला की डोळे भरून आले.

तिने साहेबांच्या टेबलावरचं पेन उचललं. छापलेल्या शेवटच्या कागदाच्या तळाशी पाच महिन्यांपूर्वीची ती ओळ लिहिली, तारीख घातली, सही केली. त्याखाली आणखी तीन तारखा लिहिल्या, फॉन्टसाठी परवानगी मागितल्याच्या, आणि कागद साहेबांकडे सरकवला.

"ही माझी," ती म्हणाली. "शेजारी तुमच्या सहीला जागा ठेवलीय."