सोयाबीनच्या वर काढलेली मान

मी रानमाठ बोलतेय. हो, तण! नाक मुरडू नका. भाजीच्या वाफ्यातला माठ माझा सभ्य चुलतभाऊ. मी मात्र कुणी न पेरता, कुणी खत न घालता, उलट सगळे मिळून मारायला टपलेले असताना माणसाच्या खांद्याएवढी वाढले. असं आयुष्य कुणाला सांगितल्याशिवाय राहवेल का?

मोहरीहून बारीक, काळी, चकचकीत बी, ही माझी सुरुवात. कुठल्या तरी दूरच्या रानातून आलेल्या हार्वेस्टरच्या सांदीत मी भुशाबरोबर अडकून बसले होते. यंत्र आत घेण्याआधी झाडून घ्यायचा या घरचा शिरस्ता. पण मका कापायच्या त्या दिवशी मालक दवाखान्यात होते आणि त्यांची बायको त्यांच्या उशाशी. बांधावर उभा होता मालकांचा धाकटा भाऊ. त्याला घाई होती. "चला, येऊ द्या आत!" झालं! वळणावर यंत्रानं गचका खाल्ला आणि मी शेकडो बहिणींसह मातीत पडले.

मालक त्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत. पुढच्या हंगामात सोयाबीन पेरायला त्यांची बायको एकटीच आली. दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

पेरणीच्या दिवशीचं त्यांचं बोलणं मी मातीखालून ऐकलं.

"वहिनी, शिवणकाम सांभाळून हे तुम्हाला झेपायचं नाही. रान माझ्याकडे द्या. एकदा तण बोकाळलं की आवरत नाही."

"एक हंगाम द्या, भाऊजी. कापणीआधी दोघं मिळून रान फिरू. तण दिसलं तर रान तुम्ही करा, मी हूं की चूं करणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मातीखाली आम्ही बहिणी एकमेकींना ढोसायला लागलो. तिचं रान तिच्याकडे राहणार की जाणार, ते आमच्यावर होतं! मोहरीएवढ्या जिवाला एवढा मान कधी मिळतो?

पेरणीपाठोपाठ पहिली फवारणी झाली. उगवायच्या आतच गाठणारं औषध ते. कितीतरी बहिणी डोळा उघडण्याआधी गेल्या. मी एका ढेकळाखाली होते, तिथं थेंब पोचला नाही. ढेकूळ विरघळलं आणि मी उठले! आज दोन पानं, परवा चार. सोयाबीन बिचारी शिस्तीनं वाढते. मी दिवसाला दोन बोटं वर! ऊन दिसलं की मला थांबताच येत नाही.

औषधांच्या दुकानातल्या ताईनं वहिनीला बजावलं होतं, "चार बोटांची आहे तोवरच मारा. वीतभर झाली की कुणाच्या बापाला ऐकत नाही ती." वहिनीनं हे दिराला सांगितलं, तेव्हा मी तिच्या पायाशीच होते.

"सगळी उगवू द्या की," दीर म्हणाला. "दोनदोनदा पंप कशाला उचलायचा? एकदाच मारू."

तिनं ऐकलं. त्यात आठवडाभर वारा पडेना, आणि वाऱ्यात फवारता येत नाही. फवारणी झाली तेव्हा मी चांगली वीतभर होते. शेंडा जळला, पानं पिवळी पडली, मला भोवळ आली. आणि दहाव्या दिवशी बुडातून दोन नवे फुटवे काढून मी पुन्हा उभी!

मग दीर एक डबा घेऊन आला. "मक्याचं औषध उरलंय. मक्यात कसं चाटूनपुसून साफ झालं होतं! तेच मारू."

"पण सोयाबीनला काही होणार नाही?"

"तिला काय होतंय? ती काय तण आहे?"

मी श्वास रोखला. मका गवताच्या जातीचा, अरुंद पानांचा. सोयाबीन माझ्यासारखीच रुंद पानांची. ते औषध मक्याला सोडतं आणि रुंद पान दिसलं की धरतं. पेरलेलं कोण आणि आगंतुक कोण, हे त्याला थोडंच कळतं? दिरानं पंप पाठीला लावलासुद्धा.

"थांबा," वहिनी म्हणाली. "नव्या कापडाला मी एकदम कात्री लावत नाही, आधी कडेचा तुकडा धुऊन बघते. एकच ओळ मारा. आठ दिवस थांबू."

"तुम्ही आणि तुमचं कापड!" कुरकुरत त्यानं एक ओळ मारली.

आठ दिवस लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी त्या ओळीतली सोयाबीनची पानं वाटीसारखी वळली, शेंडे मुरगळले. दिरानं एक मुरगळलेला शेंडा खुडून तळव्यावर घेतला.

"माझी अक्कल चरायला गेली होती," एवढंच म्हणाला आणि पंप धुवायला घेऊन गेला.

आता उरले तिचे दोन हात. रोज सकाळी, माती ओली असताना, ती यायची. गळ्यात जुन्या चादरीची खोल पिशवी, तोंडाला नाडी ओवलेली. उपटलेलं रोप बांधावर टाकायचं नाही, पिशवीत घालून बाहेर न्यायचं. कारण आम्ही उपटल्यावरही पडल्या पडल्या बी पिकवतो. असल्या चिवट आम्ही!

एक गोष्ट मी पाहिली. ती चालताना शेजारची ओळ सोडून द्यायची, जणू तिथं दुसरं कुणी चालतंय. टोकाला पोचली की थांबायची. मग वळून ती राहिलेली ओळही स्वतःच करायची.

एकेक बहीण जात होती आणि मी सोयाबीनच्या पानांखाली अंग चोरून बसले होते. पण किती दिवस? आमच्यात नर रोपं वेगळी, मादी वेगळी. बी धरायची ती मादीनं, पण पराग येतो वाऱ्यावरून. तो झेलायचा तर मान पिकाच्या वर काढायला हवी. वर काढली की दिसणार. न काढली की वांझ राहणार. सांगा, तुम्ही काय केलं असतं?

ती रानाच्या दुसऱ्या टोकाला होती त्या दिवसांत मी मान वर काढली! काय तो वारा! कुठल्या तरी परक्या रानातला पराग घेऊन आला. शेंगा भरल्यावर पीक तुडवू नये म्हणून ती आत येईना, आणि इकडे माझा तुरा भरला, हातभर लांब. सोयाबीन पिकून पिवळी पडली आणि मी त्यात एकटी हिरवीगार!

कापणीआधी दोघं रान फिरायला आले. ओळीमागून ओळ, काही नाही. आणि मग वळणावर मी.

"वहिनी, हे काय?" त्यानं माझ्या मानेला हात घातला.

"हात लावू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की त्याचा हात तिथंच थांबला. "हलवू नका! दाणा पिकलाय, सांडेल."

पिशवी उलटी करून तिनं माझ्या तुऱ्यावरून अलगद खाली ओढली, लहान मुलाच्या डोक्यातून झबलं घालावं तशी. नाडी आवळली. "आता खाली बसा. बुडाशी धरा. मुळासकट. हळू."

दीर गुडघ्यांवर बसला. चार हातांनी मी निघाले.

वहिनीनं कपाळ पुसलं. "दिसलं तण, भाऊजी. शब्द दिला होता. रान तुमचं."

दीर हातांची माती झटकत राहिला. मग त्यानं सगळीकडे नजर फिरवली. "कुठाय तण?"

"हे काय, पिशवीत."

"मग रानात नाही ना? नाडीला अजून एक गाठ मारा. आणि पुढच्या खेपेला मक्याचं बियाणं कुठलं आणायचं ते सांगा, मला त्यातलं काही कळत नाही."

ती हसली. या रानात ती हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ऐकली तीही पिशवीतून!

आत्ता मी घरामागच्या खड्ड्यात आहे, कमरेएवढ्या खोल; इथून कोंब वर पोचत नाही. पोटात लाखभर दाणे. रानात एकही सांडला नाही, खोटं कशाला बोलू? पण काय आयुष्य झालं! विष पचवलं, वारा झेलला, आणि शेवटी मला उपटायला दोन माणसांना गुडघ्यांवर बसावं लागलं.

एकच मागणं. माझी एखादी बहीण दिसली तर लांबून औषध उडवून मोकळे होऊ नका. जवळ जा, वाका, नीट बघा. मला तिच्याएवढं निरखून कुणीच पाहिलं नव्हतं.

वर फावडं वाजतंय. निरोप घेताना माणसं 'येते' म्हणतात. तिच्या रानाला मी तसं कसं म्हणू?

जाते मी.