हेकरूच्या खडकाची खूण

सिराजुद्दीनचं पत्र तीन वर्षं माझ्या पेटीत पडून होतं. अक्षर त्याच्या बायकोचं, खैरुन्निसाभाभीचं. त्याला स्वतःला लिहिता येत नाही. इकडच्या तिकडच्या चार ओळी आणि मग एकच प्रश्न: "मास्तर, खडकाची खूण तू कुणाला दिलीस काय? दिली नसशील तर नाही म्हणून लिही. दिली असशील तर हो म्हणून लिही. अंदाजावर मी कुणाचं नाव घेणार नाही."

मी उत्तर लिहिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

मी मास्तर कधीच नव्हतो. सौदीतल्या थुवालजवळच्या एका छोट्या सागरी संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात मी पुस्तकं जागेवर लावतो. चष्मा आणि काखेतलं पुस्तक पाहून रत्नागिरीची, आमच्या राजिवड्याची माणसं मला मास्तर म्हणू लागली. मीही कधी दुरुस्त केलं नाही. सिराजुद्दीन गावी माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारा. इथे तो एका सौदी मालकाच्या होडीवर होता. दर शुक्रवारी नमाज झाली की माझ्या खोलीवर यायचा.

एकदा तो पोट धरूनच आला. हर्नियाच्या ऑपरेशनला गावी निघाला होता, आणि त्याच्या जागी पुतण्या शारीक होडीवर येणार होता. दोघांची गाठ पडणार नव्हती.

"लिही मास्तर, शारीकसाठी."

"फोन कर की त्याला."

"फोनवरचं वाऱ्यावर जातं. तू आयुष्यभर पुस्तकं झाडलीस, आज एकदा कामाचं लिही."

मी लिहीत गेलो. मशिदीचा मिनार पाण्याच्या टाकीच्या आड गेला आणि बंदराचा दिवा पडक्या बर्फखान्याच्या डाव्या कोपऱ्याला लागला, की नांगर टाक. खाली खडक आहे. उन्हाळा लागताना दोन महिने, पौर्णिमेच्या सुमाराला, तिथे हेकरू मासे जमतात. आपल्याकडे ज्याला हेकरू म्हणतात, त्यातलीच इथली तांबडी, ठिपक्यांची जात.

"पुढे लिही. त्या दोन महिन्यांत तिथे जायचं नाही. त्यांचं लग्नघर असतं ते. अंडी-गाबोळी सोडून झाली की मग जा. तेव्हाही गरी टाक, जाळं नाही. जाळं टाकलंस तर माझा पुतण्या नव्हेस."

"एवढं लिहू?"

"हेच तर लिहायचंय. खडक काय, कुणालाही सापडेल."

पत्राची नक्कल मी ठेवून घेतली. लिहिलेला कागद माझ्याकडून टाकवत नाही.

त्याच वर्षी क्षितिजा आमच्या केंद्रात आली. साताऱ्याची हुशार मुलगी, मला काका म्हणायची. हेकरू अंडी कुठे घालतात हे ती आल्या दिवसापासून शोधत होती. मोठ्या जाळीवाल्या होड्या एक दिवस त्या जागेवर पोचल्या तर चार पौर्णिमांत सगळं संपेल, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. जागा कळली तर विणीचे दोन महिने बंदी आणि एरवी गरीवाल्यांना मुभा, असा तिचा विचार. मला तो पटला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पेटीतला कागद कुणाच्या उपयोगी पडणार होता. मी तिला खुणा दिल्या. फक्त खुणा. बाकीचं घरगुती वाटलं.

बंदी ठरवणाऱ्या समितीपुढे ती मला सोबत घेऊन गेली. लांब टेबल, पाच माणसं. तिने मला मराठीत विचारलं, "काका, हे लोक स्वतः होऊन कधी मासेमारी थांबवतात का?"

ती पाच माणसं माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर कोण थांबवतो, त्याचं नाव काय, तुम्हाला कसं कळलं, असं सगळं आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

बंदी बारमाही झाली, गरीलासुद्धा. बंदीचा नकाशा होडीमालकाच्या मोबाइलवर आला. त्याने शारीकला सांगितलं नाही. लग्नघराचे दोन महिने शारीक काकाच्या शब्दाप्रमाणे धक्क्यावर बसून राहिला. तिसऱ्या महिन्यात गरी घेऊन गेला आणि गस्तीच्या बोटीने त्याला पकडलं. चाळीस दिवस कोठडी, मग परत पाठवणी, आणि पुन्हा या देशात येण्याची मनाई. होडी जप्त झाली, तेव्हा सिराजुद्दीनचीही जागा गेली. राजिवड्यात एकच बोललं जाऊ लागलं: खूण काका-पुतण्यांनाच ठाऊक होती, पुतण्या पकडला गेला, म्हणजे काकाने विकली. शारीकच्या आईने दिराला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मग ते पत्र आलं.

गेल्या आठवड्यात क्षितिजा हसत ग्रंथालयात आली. "काका, हेकरू दुपटीने वाढलेत! माझा शोधनिबंध छापून आला. तुमचे आभार मानलेत बघा."

मी शेवटच्या पानावर माझं नाव पाहिलं. मग मागे जात वाचत गेलो. मधल्या एका पानावर इंग्रजीत वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: स्थानिक मच्छीमारांत संयमाची कोणतीही प्रथा आढळली नाही.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

मी उठून पेटीतली नक्कल आणली आणि तिला सगळी वाचून दाखवली. जाळं टाकलंस तर माझा पुतण्या नव्हेस, इथपर्यंत.

"तेव्हा का नाही सांगितलंत, काका?"

"धीर झाला नाही."

"हे तेव्हा माझ्या हातात असतं तर मी दोन महिन्यांवर अडून बसले असते." तिने निबंध मिटला. "मी दुरुस्ती छापायला लावीन. पण बंदी नाही हो उठायची. आता जागा सगळ्यांना ठाऊक आहे. उघडली तर पहिले जाळीवालेच येतील."

म्हणजे हेकरू वाचले, आणि त्यांना इतकी वर्षं राखणारा माणूस बदनाम झाला. मी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. पण 'माहीत नाही' हे खोटं होतं, एवढं सांगता येतं.

माझा इकामा, इथे राहायचा परवाना, संपतोय. वीस तारखेला मी कायमचा राजिवड्याला परत चाललोय. दुसरीकडे घर नाही. तिथे मशिदीत मला सिराजुद्दीनच्या शेजारी उभं राहावं लागेल, किंवा कुणी उभं राहू देणार नाही.

उत्तर लिहायला सहा कागद लागले. पहिल्या पाचांत मी कारणं देत बसलो होतो. सहावा असा:

"सिराजुद्दीन, होय. खूण मी दिली. तू घातलेला नियम मात्र सांगितला नाही, विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणालो. शारीक त्यामुळे पकडला गेला. तू काहीही विकलं नाहीस. भाभींनी हे पत्र आधी शारीकच्या आईला वाचून दाखवावं, मग जुम्म्याला जमातीत. खाली सही माझी आहे. मी वीस तारखेला येतोय."

सोबत जुनी नक्कल घातली.

थुवालच्या पोस्टातल्या माणसाने पाकीट वजनाला ठेवलं. "काय आहे?"

"कागद," मी म्हणालो.

"वीस तारखेच्या आधी पोचेल?" मी विचारलं. नाही म्हणाला तर बरं, असंही त्याच क्षणी मनात आलं.

"पोचेल, इन्शाअल्लाह," तो म्हणाला आणि शिक्का मारून त्याने पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.