येऊ दे, येऊ दे, बस

सासूबाईंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला रडवलं, असं त्यांचा मुलगा म्हणायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबायची त्यांना इतकी सवय, की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या तरी पाय रोवूनच बसायच्या. त्यावरून विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं काकू म्हटलं की त्या जरा हिरमुसायच्या.

अशा या ब्रेकबाईंच्या डाव्या हातातून एका सकाळी बशी सुटली. उचलायला वाकल्या तर डावा पायही साथ देईना. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली होती. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डावी बाजू संपावर गेलेली, पण वाचा शाबूत. जरा जास्तच शाबूत, असं त्यांची मुलगी म्हणाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच हकिगत सांगत, की क्लचचा पाय गेलाय, ब्रेकचा राहिलाय. म्हणजे गाडी थांबवता येते, फक्त गिअर पडत नाही. लोक हसायचे. सून हसायची नाही, कारण लोक गेल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून किती वेळ पडून राहतात ते तिला दिसायचं.

सून एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सासूबाईंसाठी तिने रजा घेतली होती, ती ताणून ताणून आता पार फाटायला आली होती. मालक भला माणूस, पण त्यालाही दुकान चालवायचं होतं. एक तारखेला या, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. नवऱ्याचं सुतारकामाचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून होतं आणि तिथे मशीन सुरू झालं की शेजारचा माणूसही ऐकू येत नसे. नणंद लांब राहायची. तिने एक संस्था शोधून काढली होती. स्वच्छ आहे, नर्स आहेत, बागसुद्धा आहे, आणि एक जागा रिकामी आहे. हे सगळं ती स्वयंपाकघराचं दार लावून बोलली. पण बंद गाडीच्या काचेतून विद्यार्थ्याची पुटपुट ऐकणाऱ्या बाईला असल्या दाराचं काय?

शेवटी फिजिओथेरपिस्टने तोड काढली. ही तरुण मुलगी होती, बोलायला गोड आणि कामाला कडक. सासूबाई तिला मास्तरीणबाई म्हणायच्या. ती म्हणाली, काकूंना बाथरूमपर्यंत एकट्याने जाऊन एकट्याने परत येता आलं, तर दुपारपर्यंत त्या घरी एकट्या राहू शकतील. बाकी काही अडत नाही. पाणी हाताशी ठेवा, फोन गळ्यात अडकवा. सगळं घोडं त्या पॅसेजमधे येऊन अडलं होतं.

पॅसेज म्हणजे बाहेरच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतची चिंचोळी वाट. तिच्या डाव्या भिंतीला चपलांचं कपाट होतं. मुलाने सुतारकाम शिकल्यावर आयुष्यात केलेली पहिली वस्तू, त्यामुळे जरा वाकडी आणि घरात अत्यंत लाडकी. फिजिओने चार पायांची काठी दिली होती, तिचे पाय त्या कपाटाला अडकायचे. एकदा तर सासूबाई काठीसकट कपाटावर कोसळल्या. लागलं नाही फारसं, पण मुलाने ते पाहिलं. तो तिथेच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. एवढा थोराड माणूस, हात कानशीसारखे खरखरीत, आणि मन पाण्यात टाकलेल्या बिस्किटाचं.

मग त्याने वर्कशॉपमधली गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली आणि आईसाठी कठडा केला. जिन्याला असतो तसा, पण भिंतीला बसवलेला. मोकळ्या उजव्या भिंतीला, बाहेरच्या खोलीपासून थेट बाथरूमच्या दारापर्यंत. आतही धरायला मुठी बसवल्या. आईची मूठ मोजून जाडी घेतली, कुठे कुसळ लागू नये म्हणून आपल्या गालावर घासून पाहिला. बसवून झाल्यावर तो म्हणाला, “आता तुला कुणाचा हात धरायला नको, आई.” सासूबाईंनी कठड्यावरून उजवा हात फिरवला आणि म्हणाल्या की इतकं गुळगुळीत तर त्यांच्या गाडीचं बॉनेटही नव्हतं.

आणि इथेच माशी शिंकली. सासूबाई कठडा धरून बाथरूमला छान जायच्या. टाच आधी टेकायची, गुडघा मागे फेकायचा नाही, सगळं मास्तरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे. पण परत येताना दारातूनच हाक मारायच्या. “कुणीतरी या गं. दमले मी.” सून जायची, त्यांच्या कमरेला हात घालायची आणि हळूहळू घेऊन यायची. रोज तेच. क्लिनिकमधे दोन दांड्यांच्या मधून त्या जाऊन येऊन परत जायच्या, तिथे दमत नसत. घरी मात्र अर्ध्यावर गाडी बंद.

फिजिओचं म्हणणं पडलं की ताकद आहे, भीती मनात आहे. नणंदेचं म्हणणं पडलं की जागा कुणी दुसऱ्याने घ्यायच्या आत होकार कळवावा. नवरा संध्याकाळी आला की कठड्याचे स्क्रू तपासायचा, जणू चूक त्यांच्यातच असेल. आणि सून रात्रीची भांडी जरा जोरात आपटायला लागली होती. तिला संस्था नको होती. नोकरीही सोडायची नव्हती. एकदा तिच्या मनात आलं, की सासूबाई मुद्दामच तर करत नाहीत? ते मनात आल्याची तिला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी तिने त्यांच्या डाव्या हाताला दोनदा तेल लावलं.

महिना संपत आला तेव्हा क्लिनिकमधे एक गंमत झाली. सासूबाईंना पालथं झोपवून फिजिओ डावी मांडी मागे उचलायला सांगत होती. ही मांडी आजवर हलायचं नाव घेत नसे. आज ती उचलली गेली. फिजिओने पुन्हा करायला लावलं, तर पुन्हा उचलली गेली. हा स्नायू असा एकदम कसा सुधारला, घरी काही वेगळा व्यायाम करताय का, असं तिने विचारलं. सून म्हणाली, नाही हो, तुम्ही सांगितलाय तेवढाच. सासूबाई उशीत तोंड खुपसून गप्प होत्या. एरवी कौतुक झालं की त्या दोन वाक्यं पदरची घालायच्या. सुनेला ते खटकलं, पण रिक्षा मिळवायच्या गडबडीत ती विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधं संपली म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, उठायचं नाही म्हणून बजावलं. दुकानाचं शटर अर्धं खाली. दुकानदार जेवायला गेलेला. ती लगेच परत फिरली आणि किल्लीने दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती.

पॅसेजमधे सासूबाई होत्या, पाठमोऱ्या. तोंड बाथरूमकडे, पाठ सुनेकडे, उजवा हात कठड्यावर. आणि त्या चक्क मागे मागे येत होत्या. डावा पाय मागे सरकवायचा, चाचपायचा, टेकवायचा, मग उजवा. मान किंचित वळवून खांद्यावरून मागचा अंदाज घ्यायचा, पुन्हा पाऊल. आणि तोंडाने स्वतःलाच हळू आवाजात चाललं होतं:

“येऊ दे... येऊ दे... थोडं उजवीकडे. येऊ दे...”

सुनेने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं तर दचकून पडतील. ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. चपलांचं कपाट आलं. सासूबाईंनी कंबर जरा आत घेतली, कपाट मागे टाकलं. कठडा संपला. खुर्चीचा हात हाताला लागला.

“बस,” त्या म्हणाल्या आणि बसल्या. मग त्यांनी मान वळवून पाहिलं.

सुनेला पाहून त्या म्हणाल्या, “लायसन्स जप्त करू नकोस हं.”

सुनेला हसू आलं आणि हसता हसताच ती तिथे जमिनीवर बसली. तिने विचारलं, हे काय चाललंय, आणि कधीपासून?

“जाताना कठडा माझ्या उजव्या हाताला,” सासूबाई म्हणाल्या. “वळले की तो कुठल्या हाताला येतो? डाव्या. डावा तर झोपलाय. मग तू बाहेर गेलीस की मी न वळताच येते. गाडी वळवायला जागा नसेल तर काय करतात? रिव्हर्स घेतात.”

सुनेने पॅसेजकडे पाहिलं. इतके दिवस ती रोज तिथून ये-जा करत होती. दुसऱ्यांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारी ती, आणि घरातली एवढी मोठी भिंत तिला वाचता आली नव्हती. कुणालाच नव्हती. जिन्याला कठडा एका बाजूला असतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण जिना चढणाऱ्याला दोन हात असतात. नवऱ्याने आजवर तसेच जिने केले होते. क्लिनिकमधे दांडे दोन, म्हणून फिजिओलाही कधी दिसलं नाही.

“आई, मग बोलायचं ना,” ती म्हणाली. “आम्ही इथे संस्थेच्या गोष्टी करतोय.”

“ऐकल्यात मी. बागपण आहे म्हणे.” सासूबाईंनी आपला डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. “गालावर घासून केलाय गं त्याने तो. त्याला काय सांगू, अर्धाच केलास म्हणून? पुन्हा रडत बसला असता. म्हटलं, तोवर रिव्हर्सने भागवू. तुम्हा सगळ्यांसमोर मात्र असं उलटं यायची लाज वाटायची. डावा हात कधीतरी उठेलच, मग कुणाला कळायचंही नाही.”

“आणि एक तारखेच्या आत नसता उठला तर?”

सासूबाईंनी एवढंच वदवून घ्यायचा प्रयत्न केला की ती मुलाला यातलं काही सांगणार नाही. सुनेने वचन काही दिलं नाही. चहा ठेवते म्हणाली आणि उठली.

सांगितलं तिने नाहीच. नवरा जेवायला आला, तेव्हा हात धुवायच्या आधी ती त्याला म्हणाली की डावा हात खिशात घाल, आणि कठडा धरून बाथरूमपर्यंत जाऊन ये. खिशातला हात काढायचा नाही. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. पण भूक लागली होती, म्हणून वाद न घालता गेला. उजवा हात कठड्यावर, ऐटीत. दारापाशी वळला आणि थांबला. कठडा खिशातल्या हाताच्या बाजूला आला होता. त्याने उजवा हात पोटावरून आडवा नेऊन कठडा धरायचा प्रयत्न केला, दोन पावलं तसाच तिरका चालला, आणि चपलांच्या कपाटाशी येऊन उभा राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. आई मन लावून पेपर वाचत होती.

“आई,” तो म्हणाला.

“पहिल्या फटक्यात पास कुणीच होत नाही,” सासूबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या. “तुझी बायको तिसऱ्यांदा झाली. आणि तिला मी जरा सांभाळूनच घेतलं होतं.”

तो रडलाच. पण या वेळी नाक ओढत ओढत त्याने स्क्रू-ड्रायव्हर शोधला, कपाटातल्या चपला बाहेर ओतल्या आणि लाडकं कपाट उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. जेवण गार झालं. सासूबाई दोघांनाही रागावल्या, पण त्या रागात काही दम नव्हता.

फिजिओला कळलं तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला. मागे चालणं आम्ही शिकवतो, काकू, पण पुढचं नीट जमल्यावर, आणि मागे कुणाला तरी उभं करून, असं ती जितक्या कडक आवाजात बोलता येईल तितक्या आवाजात बोलली. मग तिला ती मांडी आठवली आणि तिचा कडकपणा गळून पडला. आता हा व्यायामच देते म्हणाली, फक्त क्लिनिकमधे, माझ्या देखरेखीखाली. सासूबाईंनी विचारलं की मास्तरीणबाई, तुमच्या बाजूला ब्रेक आहे ना?

एक तारखेला पॅसेजच्या दोन्ही भिंतींना कठडे होते. नवा कठडा जुन्याइतका गुळगुळीत नव्हता, घाईत झाला होता. नणंदेने संस्थेला नकार कळवला आणि फोनवर इतका लांब सुस्कारा सोडला, की ही बाईसुद्धा किती दिवस घाबरून बसली होती ते सुनेला तेव्हा कळलं. कामाला निघताना सून सासूबाईंना फोन गळ्यात आहे का, पाणी आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारत उलट्या पावलांनी दाराकडे सरकत होती.

“तू नको आता रिव्हर्समधे जाऊस,” सासूबाई म्हणाल्या. “उंबरा आहे मागे.”

दुकानात तिची खुर्ची, तिचा दिवा, तिच्या काचांची पेटी, सगळं जागच्या जागी होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर ती काचा बदलत होती, आता बरं दिसतंय की मघाशी, असं विचारत होती, आणि तिचं निम्मं लक्ष फोनकडे होतं. दुपार व्हायला आली तेव्हा तो वाजला. गृहस्थ तसेच एक डोळा झाकून बसून राहिले.

“जाऊन आले गं,” सासूबाई म्हणाल्या. “तोंड पुढे करून. तू घाई नको करूस, तुझं काम चालू दे.”

सुनेने फोन ठेवला. तिला थोडा वेळ काही दिसेना. गृहस्थांनी दुसरा डोळा उघडून विचारलं, सगळं ठीक ना?

ठीक आहे, ती म्हणाली, आणि पदराने आधी स्वतःचा चष्मा पुसला.