चौदा डिसेंबरच्या सात फाइली

फोल्डरमध्ये चारशे चौतीस फाइली होत्या. एक ते अठरा नोव्हेंबर, दर तासाला धुळीची एक नोंद, अशा चारशे बत्तीस. एक श्रावणीने तयार केलेल्या दुरुस्तीची आणि एक सरासरीची. तिने परत मोजल्या. तीन दिवस दुसरं काही सुचतच नव्हतं.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेच्या गच्चीवरचं यंत्र धूळ कमी दाखवतं, हे तिने दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं होतं. पण दुरुस्ती घालून कितीदाही हिशेब चालवला, तरी सरासरी ६१.४च. प्रयोगशाळेचे प्रमुख शिशिरसर सकाळीच म्हणाले होते, "फरकच पडत नसेल तर दुरुस्ती सोड. आज पाचला रिपोर्ट जाईल, आहे त्याच आकड्याने." म्हणजे पाऱ्यातल्या लोकांच्या छातीत जाणारी धूळ कागदावर कमीच राहणार.

साडेतीन वाजले. डोळे चुरचुरत होते. शेवटी तिने हिशेबाचा प्रोग्रॅमच वाचायला घेतला. त्यात एक अट निघाली: सरासरीची फाइल बाकी सगळ्यांपेक्षा नवी असेल, तर हिशेब पुन्हा करायचा नाही.

तिने काळ्या पडद्यावर टाइप केलं:

find . -type f -newermt now

आत्ताच्या क्षणापुढची तारीख असलेल्या फाइली दाखव. अशी एकही असायला नको होती. सात ओळी आल्या. सहा नोंदी आणि सरासरी, सगळ्या चौदा डिसेंबरच्या.

"शेखरभैया, चौदा तारखेला लाइट गेली होती?"

"हव, दुपारी." शेखर प्रयोगशाळेत जुना माणूस. "कंप्युटरच्या घड्याळाचा सेल मेलाय ना. लाइट गेली का तारीख मीच टाकतो, कॅलेंडर पाहून."

नोव्हेंबर अजून संपला नव्हता, तरी भिंतीवर डिसेंबरचं पान होतं.

"हे कुणी उलटलं?"

"मीच. पोट्टीच्या लग्नाचे मुहूर्त पाहून राहिलो होतो. काहून वो?"

"मिळाला का मुहूर्त?"

"कुठचा!"

"आपल्या कंप्युटरला मिळाला."

"पण त्याच संध्याकाळी सुधारली ना मी तारीख!"

"कंप्युटरची सुधारलीत, भैया. फाइलींची तशीच राहिली, म्हणून जुनी सरासरीच कायम सगळ्यांत नवी ठरली."

शेखर ओशाळून पान मागे उलटायला उठला. रागवायचंही त्राण श्रावणीत नव्हतं. तिने सहा नोंदींवर खऱ्या तारखा घातल्या, सरासरीची फाइल काढून टाकली आणि हिशेब पुन्हा चालवला.

सरासरी: ८८.७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.