खाणीतला गरबा चौक

खाण म्हणजे कोळशाचीच, असं मांजलपूरच्या प्रभात चालणे मंडळाने परस्पर ठरवलं होतं. त्यामुळे रविवारी सकाळी सगळे सहलीला काळे कपडे घालून आले. "डाग दिसायला नकोत," मंडळाच्या अध्यक्ष कुसुमावतीकाकू म्हणाल्या. त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. खाण मँगनीजची आहे आणि ती बंद पडून कैक वर्षं झाली, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

हालोलच्या पुढे टेम्पोतून उतरून आम्ही खाणीच्या ओसाड वसाहतीकडे चालू लागलो. मी सर्वांत मागे, कारण फलक माझ्या डोक्यावर होता. काकूंनी तो घरूनच रंगवून आणला होता : 'ऐतिहासिक गरबा चौक. खाणकामगार येथे गरबा खेळत. माहिती : हेरंब, एम.एस्सी. (भूशास्त्र).'

ही माहिती मी दिलेली नव्हती. गेल्या वर्षी काकूंनी तिथे एक मोठं गोल लोखंडी तबक पाहिलं होतं, आणि बडोद्याच्या माणसाला गोल मोकळी जागा दिसली की तिचा दुसरा उपयोग सुचत नाही. माझं नाव वजन यावं म्हणून घातलेलं. पुढच्या रविवारी आमच्या विभागाच्या अहल्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन इथेच येणार होत्या, आणि माझी पीएच.डी.ची नोंदणी त्यांच्या सहीवाचून अडली होती.

"काकू, ते इंजिन फिरवायचं चक्र आहे," मी फलक सावरत म्हणालो. "छोट्या गाडीचं इंजिन त्यावर चढवायचं, तोंड फिरवायचं आणि परत पाठवायचं."

"इंजिनाला मागे जाता येत नाही?"

"येतं, पण..."

"मग!"

वसाहतीत छप्पर नसलेली घरं ओळीने उभी होती आणि दारांतून बाभळी बाहेर डोकावत होत्या. काकूंचे यजमान उदयसिंहराव यांच्या घराण्यात पूर्वी सगळे फौजेत होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक भिंत बुरूज वाटत होती. मी त्यांना एक काळा दगड दिला. "हे मँगनीज. बोटांना लागतं, सांभाळून." त्यांनी तो निरखला, मग त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला. त्यांच्या मिशा कानापर्यंत पोचल्या.

शेवटी चक्र आलं. उथळ गोल खड्ड्यात लोखंडी तबक, त्यावर रुळांचे दोन तुकडे.

"हे बघा रूळ!" मी म्हणालो.

"टिपऱ्या ठेवायला असतील," काकू म्हणाल्या.

"फिरतं म्हणतोस ना? फिरव," उदयसिंहराव म्हणाले.

मी फलक खाली ठेवून सगळा जोर लावला. चक्र जागचं हललं नाही.

"झालं समाधान?" काकूंनी पदर खोचला. "चालो, आधी उद्घाटनाचा गरबा, मग फलक."

सगळे तबकावर चढले. काकूंनी गाणं धरलं, टाळ्या पडू लागल्या, पाय आपटू लागले. खालून एक लांबलचक करकर आली. मंडळ एका दिशेने चाललं होतं आणि चक्र, भौतिकशास्त्राला जागून, पायांखालून उलट दिशेला सरकत होतं. काकू घामाघूम झाल्या, पण समोरच्या कडुनिंबापासून हलेनात.

"कुसुम, जरा पुढे सरक की!" मागून उदयसिंहराव ओरडले.

"सरकतेच आहे! झाड माझ्याबरोबर येतंय!"

"भूकंप!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे मटकन खाली बसले. लगेच तितक्याच चपळाईने उठले, कारण लोखंड उन्हाने तापलं होतं.

जरा वेळाने काकूंनी विचारलं, "म्हणजे हे फिरतं?"

"हो."

"इंजिनासाठी?"

"हो, काकू."

"मग इंजिन कुठाय?"

"ते नेलं. कधीच."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फलक ओढून घेतला, अक्षरं खाली करून तबकावर पसरला आणि त्यावर ऐसपैस मांडी घातली. "तू आहेस ने? ढकल."

"आणि फलक लावायचा..."

"मी उठले तर लावणार ना? ढकल, बेटा."

बाजूच्या खोबणीत एक जुना पाइप अडकवून मी ढकलू लागलो. आता गंज सुटला होता. पडकी घरं, टेकडी, आमचा टेम्पो, सगळं त्यांच्यासमोरून सावकाश जात राहिलं. एक फेरी पुरी झाली तसा मी धापा टाकत थांबलो.

"फरी एक वार, अजून एकदा," काकू म्हणाल्या. "आणि तुझ्या मॅडमना सांगून ठेव, येताना चटई आणा म्हणावं."